वार्प ड्राइव्हचं खरं-खोटं, व्हाया हिंगोली

सायफाय सिनेमातली यानं प्रकाशाला मागे टाकून पळतात. खऱ्या जगात ते जमेल का? गणित काय म्हणतं, प्रयोग काय म्हणतात आणि या सगळ्याचा आपल्या मराठवाड्याशी काय संबंध, त्याची ही गोष्ट.

कॅप्टन ऑर्डर देतो, खिडकीबाहेरचे तारे रेघांसारखे लांबच लांब ताणले जातात आणि पुढच्या सीनमध्ये यान भलत्याच सूर्याभोवती फिरत असतं. 'स्टार ट्रेक'मध्ये याला वार्प ड्राइव्ह म्हणतात, 'स्टार वॉर्स'मध्ये हायपरड्राइव्ह. बघताना आपल्याला काही खटकत नाही. पण बारावीला फिजिक्स घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतोच. प्रकाशापेक्षा जोरात काहीच जात नाही असं सर सांगतात, मग हे यान कसं काय जातं?

त्यात रील्सची भर. 'नासाने वार्प ड्राइव्ह बनवला' असं सांगणारं काही ना काही दर थोड्या महिन्यांनी फिरत येतं. खाली निम्म्या कमेंट्स 'भारी भावा', निम्म्या 'फेक आहे'. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे आहे आणि दोन्हींपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे. शिवाय त्याचा एक धागा थेट हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथपर्यंत येतो. पण तिथं पोचायला थोडा लांबचा रस्ता घ्यावा लागेल.

आधी अंतराचा हिशोब

सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर धावतो. या वेगाने संभाजीनगरहून मुंबई गाठायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग पुरेल. तरीही प्रॉक्झिमापर्यंत जायला त्याला सव्वाचार वर्षं लागतात.

आता आपली यानं बघू. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर चाललंय. या वेगाने प्रॉक्झिमा गाठायचा तर ७० हजारांहून जास्त वर्षं हवीत. नासाच्या पार्कर सोलर प्रोबने डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या अगदी जवळून जाताना सेकंदाला १९० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूचा हा सर्वाधिक वेग. पण तो प्रकाशवेगाच्या एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही. तोच वेग कायम टिकला असं धरलं, तरी प्रॉक्झिमाला साडेसहा हजार वर्षं लागतील.

म्हणजे खऱ्या वेगाने निघालं तर सिनेमाचा हिरो इंटरव्हलपर्यंत म्हातारा होऊन जाईल आणि यान अजून आपल्या अंगणातच असेल. सायफाय लेखकांना शॉर्टकट शोधावाच लागला तो यामुळे.

एक्सलरेटर दाबतच राहिलं तर?

साधी शंका अशी, की इंजिन अजून पॉवरफुल बनवू, इंधन अजून भरू, कधीतरी प्रकाशाला गाठूच की. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशेष सापेक्षतावादाने याला नाही म्हटलं. वस्तू प्रकाशवेगाच्या जितकी जवळ जाते, तितकं तिला आणखी थोडंसं पळवायला जास्त जास्त ऊर्जा लागते. बरोब्बर प्रकाशवेग गाठायचा तर अनंत ऊर्जा हवी.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ती रोज दिसते. प्रोटॉन त्या मोठ्या रिंगमध्ये येतात तेव्हाच त्यांचा वेग प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त साडेसहाशे मीटरने कमी असतो. मग त्यांची ऊर्जा सुमारे १५ पट वाढवतात. आणि वेग? तो प्रकाशापेक्षा सेकंदाला ३ मीटरच्या आसपास कमी, इथं येऊन थांबतो. ऊर्जा पंधरापट ओतली आणि हाती आले साडेसहाशे मीटर. ते शेवटचे ३ मीटर काही केल्या मिळत नाहीत.

मधे एकदा खळबळ उडाली होती. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' नावाच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रॅन सासोपर्यंत ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसतंय. जगभर हेडलाइन्स झाल्या. पण त्याच टीमने स्वतःचं सगळं सामान पुन्हा तपासलं, तेव्हा एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती हे २०१२ मध्ये सापडलं. आइन्स्टाइन पुन्हा पास.

हिमरू शालीवरची मुंगी

मग लेखकांनी वेगळी वाट काढली. वेग वाढवायचा नाही, रस्त्याशीच खेळायचं. समजायला सोपं जावं म्हणून एक हिमरू शाल पसरलेली आहे असं समजा. शाल म्हणजे स्पेस आणि तिच्यावर चालणारी मुंगी म्हणजे आपलं यान. शालीच्या या काठापासून त्या काठापर्यंत मुंगीला लवकर जायचंय.

पहिला मार्ग वर्महोलचा. शाल दुमडायची, दोन्ही काठ एकमेकांवर आणायचे आणि मधून भोक पाडायचं. मुंगी इकडून आत, तिकडून बाहेर. २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मध्ये हेच होतं. त्या सिनेमाचे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांनी मायकेल मॉरिस यांच्यासोबत १९८८ मध्ये अशा वर्महोलचं गणित खरोखर मांडलं होतं. थॉर्न हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दुसरा मार्ग हायपरस्पेसचा. मुंगीने शाल सोडून भलत्याच कापडावर उडी मारायची, जिथं अंतरं छोटी असतात, आणि मग परत शालीवर उतरायचं. 'स्टार वॉर्स' साधारण याच वाटेनं जातं. कथेसाठी झकास, पण असं दुसरं कापड आहे याचा पुरावा कुणाकडेच नाही.

तिसरा मार्ग वार्पचा. मुंगी जागेवरच बसून राहते. तिच्या पुढची शाल चुण्या पडून आकसते, मागची शाल ताणून पसरते आणि मुंगी ज्या सपाट तुकड्यावर बसलीय तो तुकडाच पुढे सरकतो. मुंगीने पाऊलही टाकलेलं नाही, पण पलीकडचा काठ जवळ आला.

ही तिसरी कल्पना मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांत बसवून दाखवली. नावही त्यांनी सरळ 'वार्प ड्राइव्ह' असंच वापरलं. त्यांनी पकडलेली पळवाट अशी, की स्पेसमधून धावताना प्रकाशाला मागे टाकता येत नाही. पण खुद्द स्पेसने किती वेगाने पसरावं किंवा आकसावं, याला ती मर्यादा लागू होत नाही. विश्वाच्या प्रसरणात हे घडतंच. खूप दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशवेगाहून जास्त वेगाने दूर जातायत, कारण मधली स्पेसच वाढतेय.

अल्कुबिएरे यांच्या हिशोबात यान एका बुडबुड्याच्या मधोमध असतं. आतल्या माणसाला धक्का बसत नाही, सीटला पाठ चिकटत नाही, त्याचं घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळाबरोबरच चालतं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना याहून काय हवं?

गाडी कुठे अडते?

समीकरण सुटणं आणि वस्तू बनणं यात बराच फरक असतो. अल्कुबिएरे यांनी आधी हवा तसा बुडबुडा ठरवला आणि मग तो बनायला काय लागेल ते समीकरणांना विचारलं. उत्तर आलं ऋण ऊर्जा. म्हणजे निर्वात पोकळीहूनही कमी ऊर्जा असलेला पदार्थ. साध्या पदार्थाचं गुरुत्व ओढून घेतं, याचं ढकलून देईल.

असं काही अजिबात नसतंच असंही नाही. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये सांगितलं होतं, की निर्वातात धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्यांच्यामधली ऊर्जा बाहेरच्यापेक्षा कमी होते आणि पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. १९९७ मध्ये हा परिणाम अचूक मोजलाही गेला. पण तो इतका बारीक असतो, की त्यावर यान चालवणं म्हणजे दवाच्या थेंबांवर जायकवाडी भरायला निघणं.

कारण लागणारं प्रमाण अफाट आहे. १९९७ मध्येच मायकेल फेनिंग आणि लॅरी फोर्ड यांनी हिशोब केला. १०० मीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा अख्ख्या दृश्य विश्वाच्या वस्तुमानाहून कितीतरी जास्त भरली. १९९९ मध्ये ख्रिस व्हॅन डेन ब्रुक यांनी बुडबुड्याचा आकार बदलून आकडा काही सूर्यांइतक्या वस्तुमानावर आणला. नंतर नासातले हॅरॉल्ड व्हाइट यांनी, बुडबुड्याची भिंत वेगळ्या तऱ्हेने रचली तर व्हॉयेजर यानाएवढ्या वस्तुमानात भागेल असं मांडलं आणि लॅबमध्ये छोटा प्रयोगही सुरू केला. ठोस असं काही हाती आलं नाही. 'नासाने वार्प ड्राइव्ह बनवला' या अफवेत जो काही सत्याचा अंश आहे, तो बहुतेक इथलाच.

ऊर्जेचं कसंतरी जमवलं तरी आणखी तीन अडचणी आहेत.

पहिली, स्टिअरिंग. बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगाने चाललाय, तर आतल्या कॅप्टनचा कुठलाच सिग्नल पुढच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. म्हणजे वळवता येत नाही आणि थांबवताही येत नाही. वाटेत आधीच कुणीतरी जाऊन सोय करून ठेवावी लागेल, आणि तो 'कुणीतरी' साध्या वेगानेच जाणार.

दुसरी, ब्रेक. वाटेतले कण बुडबुड्याच्या पुढच्या बाजूला साचत जातात. सिडनी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की यान थांबताच ते सगळे प्रचंड ऊर्जेनिशी पुढे सुटतील. ज्या ग्रहाला भेटायला गेलो, त्याच्यावरच हा मारा होऊ शकतो.

तिसरी, काळ. प्रकाशापेक्षा वेगाने जाणं आणि भूतकाळात जाणं या सापेक्षतावादात वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. अॅलन एव्हरेट यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की दोन वार्प बुडबुडे ठरावीक पद्धतीने वापरले तर निघण्याआधीच परत येता येईल. म्हणजे पेपर बघून आदल्या रात्री परत यायचं आणि अभ्यास करायचा. ऐकायला छान आहे, पण मग कारण आधी आणि परिणाम नंतर हा नियमच मोडतो. बऱ्याच शास्त्रज्ञांना वार्प ड्राइव्हबद्दल सर्वांत मोठी शंका वाटते ती इथेच.

नारळीकर आणि टॅकिऑन

या विषयात आपली माणसं कुठे आहेत? बरीच आधीपासून आहेत. अल्कुबिएरे यांच्या ३२ वर्षं आधी, १९६२ मध्ये, ई. सी. जी. सुदर्शन, व्ही. के. देशपांडे आणि ओ. एम. पी. बिलान्युक या तिघांनी एक पेपर लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की थांबलेल्या वस्तूला पळवत पळवत प्रकाशवेगापलीकडे नेता येणार नाही, मान्य. पण जे कण जन्मापासूनच पलीकडे असतील त्यांचं काय? सुदर्शन यांनी यासाठी हिमालयाचा दाखला दिला होता. हिमालय कुणाला ओलांडता येत नाही म्हणून पलीकडे माणसंच नाहीत असं म्हणणं बरोबर नाही, कारण पलीकडची माणसं तिथेच जन्मलेली असू शकतात. पुढे १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांना 'टॅकिऑन' हे नाव दिलं.

डॉ. जयंत नारळीकर यांनीही टॅकिऑनवर काम केलं. १९७६ मध्ये सुदर्शन यांच्यासोबत त्यांनी टॅकिऑन आणि विश्वरचना यावर पेपर लिहिला आणि त्याच वर्षी संजीव धुरंधर यांच्यासोबत टॅकिऑन आणि कृष्णविवरांवर. गंमत म्हणजे याच काळात नारळीकर विज्ञानकथाही लिहू लागले होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केलेलं हे नाव. स्वतःचं नाव बघून परीक्षकांचं मत बनू नये, हा हेतू. २० मे २०२५ रोजी ते गेले, पण एकच माणूस कथेत कल्पना मोकळी सोडतो आणि पेपरमध्ये तिलाच समीकरणात बांधतो, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

टॅकिऑन आजपर्यंत कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही. सापडला तरी तुम्ही-आम्ही ज्या कणांचे बनलोय ते अलीकडचेच, त्यामुळे त्यावर बसून प्रवास होणार नाही. पण धुरंधर यांची गोष्ट इथं संपत नाही. पुढे पुण्याच्या 'आयुका'त त्यांनी गुरुत्वीय लहरींचा बारीकसा सिग्नल गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, या पद्धतींवर पायाभूत काम केलं. आणि त्याच लहरी आपल्याला औंढ्याला घेऊन जातात.

औंढ्याला काय मोजणार?

औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आत निर्वात पोकळी आणि लेझर. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. त्या उभ्या करण्यातल्या वाट्याबद्दल २०१७ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यातले एक म्हणजे 'इंटरस्टेलर'वाले किप थॉर्न.

ही वेधशाळा मोजते काय, तर शालीवरच्या चुण्या. स्पेस ताणली जाते आणि आकसते, हे ती प्रत्यक्ष पकडते. म्हणजे वार्प ड्राइव्हमधला अर्धा भाग, स्पेस वाकते हा, पक्का खरा आहे. प्रश्न आहे तो किती वाकते याचा.

१४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर सापडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली आणि सेकंदाच्या काही अंशात ३ सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडली. त्या लहरी इथं पोचल्या तेव्हा ४ किलोमीटरच्या नळीच्या लांबीत किती फरक पडला? एका प्रोटॉनचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. अंतर खूप होतं हे खरं. पण स्पेस हे कापड हिमरूसारखं मऊ नाही, पोलादाहून कितीतरी ताठ आहे, हेही त्यातून कळतं. वार्प ड्राइव्हच्या हिशोबात सूर्याएवढे आकडे का येतात, त्याचं उत्तर या ताठपणात आहे.

दुसरा पुरावा १७ ऑगस्ट २०१७ चा. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले. आधी गुरुत्वीय लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. १३ कोटी वर्षं धावून दोघांमध्ये दोन सेकंदांचाही फरक नाही. म्हणजे स्पेसमधली चुणीसुद्धा प्रकाशाच्याच वेगाने पसरते. मघाशी कॅप्टनच्या स्टिअरिंगचा घोळ बघितला, तो याच नियमातून येतो.

आता खास बातमी. २०२४ मध्ये केटी क्लॉफ, टिम डिट्रिश आणि सबास्टियन खान यांनी कॉम्प्युटरवर एक प्रयोग केला. कुठंतरी एखाद्या परग्रहवासीयाचा वार्प बुडबुडा फुटला, तर त्यातून कसल्या गुरुत्वीय लहरी निघतील? त्यांना त्याचा ठसा मिळाला. पण १ किलोमीटरच्या यानासाठी त्या लहरींची फ्रिक्वेन्सी आजच्या लायगोच्या टप्प्यापेक्षा खूपच वर असते. त्यामुळे औंढ्यात परग्रहवासीयांचं यान सापडेल अशी आशा कुणी लावू नये. पण असा प्रश्न गंभीरपणे विचारता येतो आणि त्याचं उत्तर आकड्यात मिळतं, हेच भारी आहे.

मग पुढची रील आली की

वार्पवरचं संशोधन थांबलेलं नाही. २०२१ मध्ये अलेक्सी बॉब्रिक आणि जियानी मार्टायर यांनी ऋण ऊर्जेशिवायचे बुडबुडे मांडले आणि २०२४ मध्ये त्याच दिशेनं आणखी एक सविस्तर उत्तर आलं. पण ही सगळी यानं प्रकाशापेक्षा हळू चालतात, आणि वस्तुमान तरीही ग्रहांच्या मापाचं लागतं. हेडलाइनमध्ये 'वार्प ड्राइव्ह शक्य' येतं, 'प्रकाशापेक्षा हळू' हे शब्द गळतात.

म्हणून रील आली की तीन प्रश्न विचारा. हे समीकरण आहे की प्रयोग? ऋण ऊर्जा लागते का, आणि किती? वेग प्रकाशापेक्षा जास्त आहे की कमी? या तिघांची उत्तरं नसतील तर शेअर करायची घाई नको. आणि कुणी 'सगळं फेक' म्हणालं, तर त्याला सांगा की स्पेस वाकते आणि ते मोजायचं मशीन आपल्याच विभागात येतंय.

लायगो-इंडिया २०३० च्या आसपास सुरू करण्याचं नियोजन आहे. आत्ता सेकंड इयरला असलेली मुलं-मुली तेव्हा पीएचडीच्या किंवा पहिल्या-दुसऱ्या नोकरीच्या वयात असतील. तिथं फक्त फिजिक्सवाले लागत नाहीत. निर्वात पंप, लेझर, जमिनीचे हादरे रोखणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, डेटा, कोडिंग, सगळं लागतं. इतके दिवस विज्ञानात मोठं काही करायचं तर मराठवाड्यातली पोरं पुणे-मुंबईची गाडी पकडायची. औंढा नागनाथ इथून जालना-परभणीमार्गे काही तासांवर आहे. तिथं फक्त बाहेरून आलेले लोक काम करणार की आपल्यातलेही काही जण, हे पुढच्या चार-पाच वर्षांत आपण काय शिकतो त्यावर ठरेल.